वजावटीतला माणूस

धारवलीच्या वीजघरातला तिसरा संच दोन महिन्यांच्या दुरुस्तीनंतर नऊ जानेवारीला पुन्हा सुरू झाला आणि अकराव्या दिवशी त्याच्या खालच्या बेअरिंगमधून धूर निघाला. संच बंद पडायला सात सेकंद लागले. तेवढ्या वेळात तापलेलं तेल उडून प्रकाश गोरिवले या ऑपरेटरचा डावा हात कोपरापर्यंत भाजला. बेअरिंग बदललं, संच पुन्हा फिरवून पाहिला, तर थरथर होतीच.

चौकशी समिती बसली. संशय घ्यायला एकच माणूस समोर होता. वरचं जनित्र आणि खालचं टर्बाइन यांना जोडणारा अकरा मीटर उंचीचा पोलादी शाफ्ट बरोबर ओळंब्यात आणि बरोबर मध्यावर उभा करायचं काम मुख्य फिटर विलास भुवड यांनी केलं होतं. त्यांच्या सहीच्या तक्त्यात लिहिलं होतं की शाफ्ट मध्यापासून कुठेही दोन शतांश मिलिमीटरहून जास्त ढळलेला नाही. बेअरिंगची झीज मात्र तीस शतांशांची गोष्ट सांगत होती. समितीचं मत जवळजवळ बनलं होतं: तक्ता मोजून भरलेला नाही, बसून भरलेला आहे.

ही दोन हजार त्रेचाळीस सालची गोष्ट. भुवड तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे होते आणि त्यातली चौतीस वर्षं त्यांनी यंत्रांजवळ काढली होती.

मार्चमधल्या एका सोमवारी ऋजुता खोपकर चार पेट्या घेऊन धारवलीला आली. ती सर्वेक्षक होती, पण जमिनीची नव्हे, मोठ्या यंत्रांची. सिमेंटची भट्टी कुठे वाकली आहे, कागदाच्या गिरणीतला रोल कुठल्या बाजूला बसला आहे, हे ती शोधून द्यायची. बावीस वर्षांची असताना तिनं याच वीजघरात वर्षभर उमेदवारी केली होती. शाफ्टची ढळ मोजायचा डायल गेज हातात कसा धरायचा इथपासून सगळं तिला भुवडांनीच शिकवलं होतं. समितीनं तिला बोलावलं तेव्हा तिनं हे लेखी कळवलं. समितीचं उत्तर आलं, "मोजणार यंत्र आहे, तुम्ही नाही."

बोगद्याच्या तोंडाशी भुवड उभे होते.

"जाड झालीस," ते म्हणाले.

"तुम्ही बारीक झालात, काका."

"कॅन्टीनचा ठेकेदार बदलला." त्यांनी एक पेटी डाव्या हातानं उचलली आणि चालायला लागले. थोडं आत गेल्यावर मागे न बघता म्हणाले, "मी मोजलं होतं."

"मला माहीत आहे."

"तुला माहीत असून उपयोग नाही. मोज."

धारवलीचं वीजघर डोंगराच्या पोटात आहे. वर पठारावर एक तलाव, खाली खोऱ्यात दुसरा. दिवसा सूर्याची वीज गरजेहून जास्त तयार होते, तेव्हा ती वापरून हेच संच उलटे फिरवतात आणि खालचं पाणी वर चढवतात. ऊन उतरलं की तेच पाणी खाली सोडून वीज करतात. याला उदंचन म्हणतात. संध्याकाळी घरोघरी दिवे लागतात, गाड्या चार्जिंगला लागतात, त्या वेळी तिसरा संच बंद असला की चिपळूणपासून कराडपर्यंत कुठे ना कुठे वीज कापावी लागायची. म्हणून थरथरत असला तरी तो चालू ठेवला होता.

ऋजुताच्या पेट्यांमध्ये कंपदर्शी होता. त्याच्याआधी ही दोन वेगळी कामं होती. वस्तू कुठे आहे हे सर्वेक्षक सांगायचा आणि वस्तू कशी हलते हे कंपनांचा तज्ज्ञ सांगायचा. सर्वेक्षकाला मोजायला यंत्र थांबलेलं लागायचं. तज्ज्ञाचे सेन्सर यंत्रालाच चिकटवलेले असायचे. बसमध्ये बसलेल्याला शेजारचा प्रवासी जागच्या जागी दिसतो, तसं ज्या लोखंडावर सेन्सर बसवला तेच लोखंड हळूहळू सरकलं तर सेन्सरला त्याचा पत्ताही लागत नसे. कंपदर्शीच्या चार तिपायांवरून निघणारा लेझर यंत्रांच्या हॉलमधल्या दोन लाख बिंदूंवरून सेकंदाला कित्येक वेळा फिरायचा आणि प्रत्येक बिंदू त्या क्षणी कुठे आहे हे मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागापर्यंत सांगायचा. यंत्र पूर्ण वेगात असलं तरीही.

अडचण अशी की तिपाया ज्या जमिनीवर उभ्या, ती जमीनही हलते. शेजारून माणूस चालत गेला तरी हलते. म्हणून बोगद्यात दोनशे मीटर लांब, अखंड कातळात एक पितळी खूण ठोकायची आणि सगळी मापं तिच्याशी जोडायची. शिवाय हॉलमधला प्रत्येक माणूस ओळखून त्याला क्रमांक द्यायचा. त्याचं पाऊल किती जोरात पडतं, श्वास घेताना छाती किती वर येते, कठड्यावर हात टेकला तर कठड्यात काय उतरतं, हे सगळं मोजून एकूण कंपनातून वजा करायचं. उरतं ते यंत्राचं. वजा केलेलं वेगळ्या फाइलमध्ये साठायचं, तिला सगळे वजावट म्हणायचे. मोजणी चौकशीत पुरावा म्हणून धरायची तर वजावट अहवालाला जोडावीच लागे. नाहीतर नको असलेलं कंपन माणसांच्या नावावर टाकून कुठलंही यंत्र निर्दोष ठरवता आलं असतं. पण जोडलेली ती फाइल कोणी उघडून बघत नसे.

भुवडांना मोजणीच्या वेळी हजर राहायचा हक्क होता. सोमवार, मंगळवार ते कठड्याला धरून उभे राहिले. मधेच एखादी तिपाई त्यांना पसंत पडत नसे. मग खाली बसून, पान्यानं तिचा पाय अर्धा आटा फिरवून, पुन्हा कठड्याशी येत. ऋजुता काही बोलत नसे, कारण दर वेळी तिपाई खरंच आधीपेक्षा नीट बसायची.

मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला तिनं त्यांना आणि मुख्य अभियंता जावेद परकार यांना पडद्यासमोर बोलावलं.

"शाफ्ट सरळ आहे," ती म्हणाली. "ओळंब्यात आहे. त्याला खाली धरून ठेवणारं बेअरिंगचं ब्रॅकेट सरकतंय. सकाळी सहाला ते बरोबर मध्यावर असतं. दिवसभर पाणी वर चढतं तसं सरकत जातं. आत्ता अठ्ठावीस शतांश ढळलेलं आहे. पाणी उतरलं की परत जागेवर जाईल."

"ब्रॅकेट कसं सरकेल?" परकार म्हणाले. "सहा पाय आहेत त्याला. सहाही काँक्रीटमध्ये पुरलेले."

"काँक्रीटच सरकतंय. त्याच्यामागची भिंत, भिंतीमागचा कातळ. वरचा तलाव भरला की त्याच्या वजनानं डोंगर दबतो आणि हॉलची ही बाजू आत येते. पहिला आणि दुसरा संच लांब आहेत, त्यांना जाणवत नाही."

"तलाव बारा वर्षं भरतोय. यंदाच कसं?"

भुवड पुढे झाले. "साहेब, तलावाची उंची कधी वाढवली?"

परकारांनी त्यांच्याकडे पाहिलं. "डिसेंबरात. दोन मीटर."

"आणि मी शाफ्ट उभा केला तेव्हा उंची वाढवायच्या कामासाठी तलाव रिकामा होता."

भुवडांनी मोजलं त्या दिवशी सगळं मध्यावर होतं. डोंगर नंतर दबला होता. आणि त्यांचा डायल गेज ब्रॅकेटलाच अडकवलेला असल्यामुळे, नंतर कितीही वेळा मोजलं असतं तरी त्यांना ते दिसलं नसतं.

"सुटलात तुम्ही, भुवड," परकार म्हणाले. "मॅडम, गुरुवारी सकाळी समिती आहे. उद्या संध्याकाळपर्यंत अहवाल द्या. त्याशिवाय संच बंद करायची परवानगी मला वरून मिळणार नाही."

बुधवारी दुपारी अहवाल तयार झाला, पण तो बंद करताना कंपदर्शीनं तिला एक प्रश्न विचारला. कठड्यात सेकंदाला सुमारे पाच वेळा असं एक बारीक कंपन सापडलं होतं. संचाचा वेगही मिनिटाला तीनशे फेरे, म्हणजे सेकंदाला बरोबर पाच. हे कंपन यंत्राचं धरायचं, की व्यक्ती क्रमांक सातचं?

तिनं वजावट पहिल्यांदाच उघडली.

यंत्राचे पाच म्हणजे घट्ट पाच असतात. हे कंपन चार पूर्णांक सातपासून पाच पूर्णांक एकपर्यंत भटकत होतं. मंगळवारी दुपारी संच चाळीस मिनिटं थांबला होता, तेव्हाही ते होतंच. ते एका उजव्या हातातून येत होतं. हात कठड्यावर नुसता टेकलेला असला की सुरू व्हायचं. तोच हात पाना धरून तिपाईचा पाय फिरवायला लागला की पूर्णपणे थांबायचं. त्याच माणसाचं उजवं पाऊल डाव्यापेक्षा सहा सेंटिमीटर जवळ पडत होतं, आणि चालताना त्याचा उजवा हात जवळजवळ हलत नव्हता.

तिला कोणाचं नाव बघायची गरज नव्हती. ती उठली आणि देखभाल कक्षात गेली. कपाटात तिसऱ्या संचाच्या नोंदवह्या होत्या. दोन हजार चाळीसची काढली, मग एक्केचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस. भुवडांचं अक्षर वहीगणिक बारीक होत गेलेलं होतं. या वर्षीच्या नोंदी वाचायला तिला वही दिव्याखाली न्यावी लागली. हे बघायला लेझर लागत नव्हता. वही दर आठवड्याला तीन जणांच्या सहीसाठी फिरत होती, पण कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

अशा लक्षणांबद्दल तिनं फोनवर वाचलं आणि फोन खाली ठेवला.

व्यक्ती सात कोण, हे हॉलच्या प्रवेशनोंदीवरून कोणालाही पाच मिनिटांत कळलं असतं. फिरत्या यंत्राजवळ काम करणाऱ्याच्या हातापायावरच्या ताब्याबद्दल शंका असल्याची नोंद झाली की त्याचा हॉलचा पास त्याच दिवशी काढून घेतला जायचा, असा नियम होता. त्याहून वाईट म्हणजे समिती म्हणू शकत होती, तरीच मोजमाप चुकलं. भुवडांना निर्दोष ठरवणारा पुरावा आणि त्यांना घरी बसवणारा पुरावा एकाच फाइलमध्ये होता.

ती त्यांना शोधत बाहेर आली. बोगद्याच्या तोंडाशी आंब्याखाली सिमेंटचा बाक होता, तिथे ते चहा पीत बसले होते. कप डाव्या हातात होता.

"काका, तुमचा उजवा हात."

"काय झालं त्याला?" हात खिशात गेला.

"कधीपासून आहे?"

"तुझी सुलभाकाकू म्हणते, दीड वर्ष झालं. ती काय, काहीही म्हणते. इम्पॅक्ट रेंच चालवून चालवून होतं असं. आमच्यात सगळ्यांचे हात कापतात."

"रेंचमुळे कापणारा हात काम करताना कापतो. तुमचा काम करताना थांबतो."

"तू डॉक्टर कधी झालीस?"

"नाही झाले. म्हणून आजाराचं नाव घेत नाही. पण दाखवा, एवढं म्हणते."

"डॉक्टरला दाखवलं की कागद होतो. म्हणून नाही दाखवलं." ते थांबले. "तुझ्या यंत्रानं न दाखवताच केला ना कागद?"

तिनं फाइलबद्दल सगळं सांगितलं, पासचा नियमही सांगितला. भुवड ऐकत होते. कपात चहा होता, पण त्यांनी पुढे घोट घेतला नाही.

"तुला मशीन मोजायला बोलावलं होतं," ते म्हणाले.

"हो."

"मला नव्हतं."

"हो, काका."

"मग काढून टाक मला त्यातून."

"काढलं तर मोजणी पुराव्यात धरणार नाहीत. डोंगर दबतो हे सिद्ध होणार नाही, आणि तुमचा तक्ता खोटाच राहील." ती त्यांच्या शेजारी बसली. "पुन्हा मोजते. तुम्ही हॉलमध्ये यायचं नाही. दोन दिवस लागतील, दोन संध्याकाळी तलाव पूर्ण भरलेला हवा. परकारसाहेबांना सोमवारपर्यंत मुदत मागायला सांगते. तुम्ही फाइलमध्ये असणारच नाही."

भुवडांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी आलं. ते तिला स्पष्ट दिसलं. "सोमवारपर्यंत," ते म्हणाले. "परकार देतील मुदत. चांगले आहेत."

"मी आत्ताच बोलते."

"थांब. मी एक चक्कर मारून येतो." ते उठून आत गेले.

ऋजुता बाकावरच बसून राहिली. अर्ध्या तासानं ते परत आले, तेव्हा त्यांच्या बोटांना तेल लागलेलं होतं. ते तिच्या शेजारी न बसता समोर उभे राहिले.

"मुदत मागू नकोस."

"का?"

"पुन्हा मोजायचं म्हणजे संच दोन संध्याकाळी पूर्ण भारावर चालवायचा. बेअरिंग एकाहत्तर अंशांवर गेलंय. मागच्या आठवड्यात सहासष्टवर होतं."

"पंच्याहत्तरला तो आपोआप बंद होतो, काका. अजून चार अंश आहेत."

"ते तुझ्या पडद्यावर. मी तेल बोटांत घेऊन बघितलं. त्यात धातूचा चुरा लागतोय. दोन संध्याकाळी काढणार नाही ते, कदाचित आजचीसुद्धा नाही. जानेवारीतही आपोआप बंद व्हायला सात सेकंद लागले होते. गोरिवलेचा हात बघितलायस तू?"

तिनं बघितला होता.

"अहवाल आत्ता दे. फाइल जोडून दे. परकारना म्हणावं, आजच संच थांबवा." ते जरा घुटमळले. "फक्त ते माझ्याबद्दलचं समितीला उद्या तुझ्या कागदातून कळता कामा नये. मी सांगेन. आणि त्याच्याआधी घरी जाऊन सुलभाला सांगतो. ती दीड वर्ष सांगत होती."

संध्याकाळी सहाला तिसरा संच बंद झाला. त्या संध्याकाळी कराडच्या बाजूला चाळीस मिनिटं वीज नव्हती. बेअरिंग उघडलं तेव्हा त्याच्या आठ पट्ट्यांपैकी दोन आरपार तडकलेल्या निघाल्या. परकारांनी त्यांचे फोटो काढून अहवालाला जोडले.

गुरुवारी समितीसमोर भुवड इस्त्रीचा शर्ट घालून आले. अध्यक्षा टिळेकरबाई निवृत्त अभियंता होत्या. त्यांनी बोलायच्या आतच भुवड उभे राहिले.

"मॅडम, या फाइलमध्ये व्यक्ती सात म्हणून आहे तो मी. माझा उजवा हात कापतो. डॉक्टरकडे अजून गेलो नाही, जाणार आहे. हे मी लपवलं होतं. शाफ्टच्या मोजमापात मात्र काही लपवलेलं नाही."

टिळेकरबाईंनी चष्मा काढला. "तुमचा हात कापतो, तर त्या हातानं घेतलेलं माप आम्ही खरं का मानावं?"

ऋजुतानं परवानगी मागितली. "दोन गोष्टी आहेत. त्यांच्या हातात पाना होता ते अकरा प्रसंग फाइलमध्ये आहेत. अकराही वेळा कंपन शून्य आहे. दुसरं, डोंगर किती दबतो ते आता आपल्याला माहीत आहे. तेच गणित उलटं नेऊन तलाव रिकामा धरला, की शाफ्टचा मध्य कुठे होता ते काढता येतं. तो त्यांच्या तक्त्यातल्या आकड्यापासून अर्ध्या शतांशावर येतो."

टिळेकरबाईंनी ते गणित स्वतः तपासलं. वीस मिनिटं लागली. मग त्यांनी लिहून दिलं की शाफ्टची जोडणी अचूक होती आणि दोष तलावाची उंची वाढवताना वीजघराचा विचार न करणाऱ्या आराखड्याचा आहे. त्याच कागदाच्या शेवटच्या परिच्छेदात विलास भुवड यांचा हॉलचा पास वैद्यकीय तपासणीपर्यंत स्थगित केला होता. कागद वाचून झाल्यावर भुवडांनी गळ्यातला पास काढून टेबलावर ठेवला.

दुरुस्तीला नऊ दिवस लागले. ब्रॅकेटचे सहा पाय भिंतीला घट्ट बांधण्याऐवजी खाचांमध्ये बसवायचे होते, म्हणजे भिंत आत आली तरी पाय खाचेत सरकतील आणि मध्य मध्यावर राहील. भुवडांना आत जाता येत नव्हतं. ते बोगद्याबाहेरच्या कार्यालयात कानाला फोन लावून बसले. आत गोरिवले होता. त्याचा हात भरून आला होता, कातडी अजून गुलाबी होती. तो डायलचे आकडे वाचायचा आणि भुवड बाहेरून सांगायचे, "दोन नंबरला चार शतांश दे. आता तीनचा बोल्ट सैल कर. घाई करू नको. पुन्हा वाच." ऋजुता मोजणीसाठी आत होती. तिच्या पडद्यावर आकडा येण्याआधी दोनदा भुवडांनी तो फोनवरून सांगितला.

दहाव्या दिवशी तलाव काठोकाठ भरलेला असताना संध्याकाळी संच पूर्ण भारावर नेला. ढळ तीन शतांश. बेअरिंग अठ्ठावन्न अंशांवर स्थिर राहिलं. परकार फोनवर आकडे ओरडून सांगत होते. पलीकडून भुवड म्हणाले, "ठीक आहे," आणि फोन ठेवला.

ऋजुता पेट्या भरून निघाली तेव्हा ते तिला भेटायला आले नाहीत. तिनं कार्यालयात डोकावलं. ते नुकतेच घरी गेल्याचं शिपायानं सांगितलं.

जूनमध्ये तिनं फोन केला. तो सुलभाकाकूंनी घेतला. पुण्याच्या डॉक्टरांनी निदान पक्कं केलं होतं. आजार बरा होणारा नव्हता, पण लवकर सापडला होता आणि गोळ्यांनी बरीच वर्षं आटोक्यात राहील असं ते म्हणाले होते. भुवड आता आठवड्यातून तीन दिवस चिपळूणच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शाफ्ट जोडायला शिकवत होते.

"माझ्यावर रागावलेत का अजून?" ऋजुतानं विचारलं.

"आहे राग," काकू म्हणाल्या. "तुझं नाव निघालं की उठून बाहेर जातात. गोळ्या मात्र घड्याळ लावून घेतात. तू फोन करत जा. मी घेईन."

धारवलीची गोष्ट पसरली. ऑगस्टमध्ये कंपदर्शी बनवणाऱ्या कंपनीचा माणूस ऋजुताला भेटायला आला. सॉफ्टवेअरमध्ये थोडाच बदल लागणार होता, तो म्हणाला. आजवर माणसं वजा करून यंत्र ठेवत होतो, आता यंत्र वजा करायचं आणि माणसं ठेवायची. कारखान्यात चार तिपाया कायमच्या लावल्या की कोणाचं हृदय अडखळतंय, कोणाचा गुडघा गेलाय, कोण झोप न होता कामावर आलाय, सगळं व्यवस्थापनाला रोज सकाळी कळेल. तीन कंपन्यांनी मागणी नोंदवलीही होती. त्याला या कामासाठी तिचं नाव हवं होतं.

"कामगारांना कळेल का?" तिनं विचारलं.

"ते ज्या त्या कंपनीच्या धोरणावर आहे."

तिनं नाही म्हटलं. तिच्या नाही म्हणण्यानं काही थांबलं नाही. त्या तीन कंपन्यांमध्ये तिपाया लागल्या. तिनं स्वतःपुरती एक गोष्ट सुरू केली. पेट्या उघडायच्या आधी हॉलमधल्या सगळ्यांना गोळा करायचं आणि हे यंत्र काय काय बघतं ते सांगायचं. ज्याला नको असेल त्यानं मोजणी होईपर्यंत बाहेर थांबायचं, आणि त्याबद्दल त्याची नोंद करायची नाही, ही अट ती कामाच्या करारातच घालायची. त्यामुळे दोन कामं तिच्या हातून गेली.

ऑक्टोबरमध्ये ती वर्ध्याजवळच्या एका पोलाद कारखान्यात होती. पट्ट्या लाटणारा मोठा रोल थरथरत होता. सकाळी साडेसातला पाळी बदलताना तिनं चाळीसेक माणसांसमोर उभं राहून सगळं सांगितलं. श्वास, पावलं, हातांची थरथर, वजावटीची फाइल. लोक शांतपणे ऐकत होते. सांगून झाल्यावर पाच जण मुकाट्यानं बाहेर निघून गेले. तिनं त्यांच्याकडे बघायचं टाळलं आणि पहिल्या पेटीचं कुलूप काढलं.

"मॅडम," मागून आवाज आला. क्रेन चालवणाऱ्या बेबीताई मेश्राम होत्या, पन्नाशीच्या, डोक्यावर पिवळं शिरस्त्राण. "ज्याले नाही पाहिजे तो बाहेर गेला. अन् ज्याले कळून घ्याचं हाय, त्यानं कुठी उभं राहाचं?"

"ताई, मी डॉक्टर नाही. मी यंत्र मोजायला आले आहे."

"माहीत हाय. दवाखाना इथून बत्तीस किलोमीटर हाय. तिथं गेलं तर दिवस जाते, अन् डॉक्टर पाहतच नाही नीट. माहे पाय रात्री सुन्न होते. क्रेनवर चढते मी. खाली मानसं असते."

त्यांच्यामागे आणखी दोघं-तिघं थांबले होते. बाकीचे जाता जाता रेंगाळले होते. ऋजुतानं घड्याळ बघितलं. रोल सुरू व्हायला अजून पाऊण तास होता. रोल सुरू होण्याआधीचं काहीच अहवालात जाणार नव्हतं, कुठल्या फाइलमध्येही नाही.

तिनं पहिली तिपाई उभी केली, तिचे पाय नीट बसवले आणि समोर सहा मीटरवर खडूनं जमिनीवर एक रेघ मारली.

"इथून तिकडे चालत जा," ती बेबीताईंना म्हणाली. "रोज चालता तसंच. दिसेल ते तुम्हाला एकटीला सांगेन. बाकीच्यांनी त्या दाराबाहेर थांबा, एकेकाला बोलावते."